कौसाची अक्कलदाढ

मार्गशीर्षात पाऊस पडत नाही, हे नंदुरबारात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर गावाबाहेरच्या मोकळ्या पडीत मिरच्या निर्धास्त वाळत पडलेल्या असतात. लांबच लांब, लालभडक पथाऱ्या... वाऱ्याची दिशा जरा बदलली की स्टेशनापर्यंत माणसं शिंकतात. पण चौतीस सालच्या त्या मार्गशीर्षात, भर दुपारी, आभाळाला काय अवदसा आठवली कोण जाणे. टप टप करत थेंब पडायला लागले.

"पानी उनं! पानी!"

एकच ओरड झाली. कोरीटच्या उखाजी पाटलांची कौसा पदर खोचून धावली. वय एकोणीस, अंगात वारं, आणि डाव्या गालात सकाळपासून ठणकणारी दाढ. बाप गाडीकडे ताडपत्री आणायला गेलेला. ती एकटीच दोन्ही हातांनी मिरच्या ओढून ढीग करू लागली. तेवढ्यात रस्त्यानं जाणारा पांढऱ्या सदऱ्यातला एक तरुण थांबला, हातातली पिशवी बाभळीला अडकवली आणि काही न विचारता पथारीच्या दुसऱ्या टोकाला वाकला. दोघांनी मिळून ढीग केला, वर गोणपाटं टाकली. आणि पाऊस? तो तोवर थांबलाही होता. नुसता चेष्टा करायला आला होता मेला!

तरुणानं कपाळावरचं पाणी पुसलं... आणि पुसता पुसता हात डोळ्यांवरून फिरवला.

"माय वं!"

"डोळाले हात लाया ना?" कौसानं विचारलं.

"लाया..."

"चोळू नका. खाले बठा. बठा म्हनस ना!"

तिनं मातीच्या घागरीत पदराचं टोक भिजवलं आणि परक्या पुरुषाच्या डोळ्यांवर धरलं. धरल्यावर तिला आठवलं, की हा परका पुरुष आहे. पण आता सोडलं तर बिचारा आंधळाच व्हायचा, अशी तिनं आपल्या मनाची समजूत घातली.

"काय काम करतस तुम्ही?"

"दवाखानामा कंपौंडर शे."

कौसा खळखळून हसली. "दुसरासले औषध देतस, आनि सोता मिरचीना हात—" आणि हसता हसताच कळ आली. तिचा हात गालावर गेला.

त्यानं एक लाल डोळा कसाबसा उघडला. "दाढ?"

"तुम्हले काय करनं शे?"

"मी एक डोळाखाल बी सांगी देस, अक्कलदाढ शे. दवाखानामा या. घरनी शिशी संगे आना."

"कोनले इचारू?"

"चुडामणले. नुसतं चुडामण म्हना."

"चुडामण," ती म्हणाली. शेतातली पहिली काकडी चाखून पाहावी तसं तिनं ते नाव चाखून पाहिलं. "बरं, चुडामण. दखसू."

किती सहज आलं होतं त्या दिवशी ते नाव तोंडात! पुढे त्या नावानंच तिचा जीव टांगणीला लावला.

दवाखाना स्टेशनरोडला होता. दाक्तर पारशी होते, सुरतेकडचे, आणि त्यांची मराठीही सुरतच्या गाडीनंच आलेली. वरच्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड. जेवायची वेळ झाली की त्यांची बायको सज्ज्यातून त्यांना चक्क नावानं हाका मारायची. अख्खा बाजार ऐकायचा. पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा कौसानं लाजून मान खाली घातली होती. नवऱ्याला नावानं! कोरीटात एखादीनं असं केलं असतं तर लोकांनी विहिरीवर चार दिवस दुसरा विषय काढला नसता.

औषध द्यायच्या खिडकीशी चुडामण बसायचा. गुलाबी मिक्श्चर शिशीत ओतायचा, कागदाची पट्टी कातरून तिला खुणा पाडायचा आणि खळीनं शिशीवर चिकटवायचा. एक खूण म्हणजे एक डोस.

"तोंड उघड दखू," पहिल्या दिवशी तो म्हणाला.

"काबरं? दात मोजनं शेत?"

"नही. इतलं बोलस, दाढले वारा लागी ऱ्हायना. म्हनीसन दुखस."

असं चालायचं. दर खेपेला दाक्तरसाहेब विचारायचे, "बाई, काडून टाकू का?" आणि दर खेपेला कौसा मान हलवायची, "भेव लागस." भीती लागायची हे खोटं नव्हतं. पण खरी गोष्ट वेगळीच होती, ती मी तुम्हाला सांगतो. दाढ गेली असती तर नंदुरबारला यायला निमित्त कोणतं उरलं असतं? बापाची मिरची विकून झाली होती. आता ती दाढ हाच कौसाचा आगगाडीचा पास होता. म्हणून ती दुखणं अगदी जपत होती, लोक तुळस जपतात तसं.

चौथ्या खेपेला तिनं बाकावरच्या म्हातारीची शिशी निरखून पाहिली. मग आपली पाहिली.

"बाकीसले आठ खुना. मले चारच काबरं?"

चुडामणच्या हातातली कातर थांबली. "तुन्हं दुखनं येगळं शे."

"दुखनं येगळं, का औषध येगळं?"

"औषध तेच शे..." त्यानं पट्टीवर उगाच बोट फिरवलं. वर न बघता म्हणाला, "चार खुनासनं लवकर सरस. बस."

कौसानं शिशी पदराखाली घेतली आणि ती निघाली. दारापर्यंत गेली तोच मागून हळूच आवाज आला.

"आजकाल तू मन्हं नाव लेत नही."

ती थांबली. वळली मात्र नाही. "काम पडत नही."

"पहिले तं पडे..."

तिचे कान तापले. खरंच, कधीपासून बरं? गेले पंधरा दिवस ती त्याला "ओ, आयका ना" म्हणत होती. नाव ओठांपर्यंत यायचं आणि तिथंच अडखळायचं. का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं!

पण दाढेला काय कळे प्रेमाबिमातलं? जपलेल्या दुखण्यानं पौषात दगा दिला. एका सकाळी कौसा उठली ती गाल फुगून कानापर्यंत गेलेला, अंगात ताप आणि जबडा असा घट्ट मिटलेला, की पाण्याची धारसुद्धा आत जाईना. आणि नेमकं पुढच्या सोमवारी प्रकाशा गावाहून पाहुणे यायचे होते, तिला बघायला. तापीकाठची काळी जमीन, दारात दोन बैलजोड्या, एकुलता एक मुलगा. आई गेल्यावर दोन वर्षं घर सांभाळणाऱ्या लेकीला आता चांगल्या घरी द्यायची, एवढा एकच ध्यास उखाजींनी घेतला होता. बाप वाईट नव्हता हो. पण त्यांच्या लेखी जमीन होती तो माणूस. शहाद्याकडून येऊन दुसऱ्याच्या दवाखान्यात शिश्या भरणारा पोरगा, मग तो आपल्यातला असला तरी, त्यांच्या हिशेबातच नव्हता.

"असं तोंड लिसन पोर दाखाडू का मी?" उखाजी म्हणाले. "काय करनं ते करा दाक्तरसाहेब. पन सोमवारना पहिले."

दाक्तरांनी जबड्यावर बोटं ठेवली. आत पू झाला होता. "उखाजी, तोंड उघडत नाय, तर दाढ काडू कशी? क्लोरोफॉर्म देऊन भूल घालावी लागेल. परवा सकाळी उपाशी आणा."

खिडकीशी शिशी पडल्याचा आवाज आला. चुडामणच्या हातून कधी शिशी पडली नव्हती.

कोरीटला परतताना कौसाच्या आत्यानं, म्हणजे भिकुफुईनं, गाडीत बसून जो धीर दिला, तसा धीर शत्रूलाही कोणी देऊ नये. "भूल म्हन्जे काय, माय! आपला तो खात्या नही का? त्याना पाय मोडेल व्हता, तवय धुळाले त्याले भूल दिधी. तं तो गडी झोपमा भडाभडा सांगत गया, कोना कोना खेतमातून कापूस चोरेल शे! नावेनिशी! गाव आयकी ऱ्हायनं. भूलमा मानूसना पोटमा काहीच ऱ्हात नही, बाई."

कौसाच्या पोटात तर एकच गोष्ट होती... आणि तिला नाव होतं.

ती दोन रात्री झोपली नाही. भूल चढली आणि आपण उठलोच नाही तर? आई अशीच तर गेली होती. ताप आला, वैदू काढ्यावर काढा पाजत राहिला, आणि ती झोपली ती झोपलीच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. भुलीत जर ते नाव तोंडून निघालं आणि समोर बाप, म्हणजे आबा, उभे असले तर? चुडामणची नोकरी जाईल. आबा त्याच्या अंगावर हात टाकतील. आपल्याला सोमवारची वाटही न पाहता प्रकाशाला उजवून टाकतील. आबांची मान गावात खाली जाईल ती वेगळीच.

आणि या दाक्तरांची रीत तर फारच वाईट. भूल देताना ते खोलीत कोण कोण आहे ते विचारत. खेड्यातल्या बायांना आकडे मोजायला सांगून उपयोग नाही, माणसं मात्र सगळ्यांना सांगता येतात, असं त्यांचं म्हणणं. नावं नीट सांगते तोवर जागी, बरळायला लागली की झोपली.

मग कौसानं तयारी केली. दळताना, झाडताना, ती मनात घोकत राहिली. आबा, फुई, दाक्तरसाहेब, कंपौंडर. आबा, फुई, दाक्तरसाहेब, कंपौंडर. नाव नाहीच घ्यायचं. कंपौंडर म्हणायचं आणि झोपायचं.

ठरल्या दिवशी तिला टेबलावर निजवलं तेव्हा तिचे दात वाजत होते. म्हणजे वाजले असते, जबडा उघडत असता तर. दाक्तर हात धुवायला आत गेले. आबा दाराबाहेर बैलांकडे बघायला गेले, आणि फुई देवाचं नाव घेत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. डोक्यामागे चुडामण होता. हातात निळी शिशी, दुसऱ्या हातात तारेची जाळी, तिच्यावर पांढरं फडकं.

"मी काही बोली गयी तं?" मिटल्या दातांतून ती कशीबशी कुजबुजली.

"तं मी आयकसू."

"आबा बी आयकतीन."

तिला उलटा दिसत होता त्याचा चेहरा, हनुवटी वर आणि डोळे खाली. डोळे आज मिरचीशिवायच लाल होते.

"ज्याले आयकनं व्हई तो आयकी," तो म्हणाला. "तू फक्त उठजो. कौसा... तू उठजो."

पावलं वाजली. दाक्तर आले, आबाही आले. जाळी नाकावर आली. एकेक थेंब फडक्यावर पडू लागला, गार आणि गोड... रानात सडून पडलेल्या मोहाच्या फुलांसारखा वास. पाय आपोआप झाडले गेले. फुईनं ते धरले.

"बोल बाई, इथे कोण कोण हाय?"

"आबा..."

"हां. अजून?"

"फुई... भिकुफुई..."

"शाबास. अजून?"

"दाक्तर... साहेब..."

"अजून कोण?"

चौथा शब्द. दोन दिवस घोकलेला. कं... कं... काय होतं ते? शब्द हातातून मासोळीसारखा निसटला. त्याच्या जागी दुसराच वर येऊ लागला, तोंडभर गोड. नको, नको, तिनं जिवाच्या आकांतानं तोंड मिटलं... आणि मग दिवा फुंकल्यासारखं सगळं विझलं.

डोळे उघडले तेव्हा छताचं आढं दिसलं. तोंड कापसाच्या बोळ्यानं गच्च भरलेलं, घशात रक्ताची चव. जिवंत होती ती. पहिली भीती गेली आणि दुसरी त्याच जागी येऊन बसली.

तिनं नजर फिरवली. आबा खिडकीकडे तोंड करून उभे, पाठमोरे. फुई पदरानं डोळे टिपत होती. दाक्तरसाहेब खुर्चीत बसून कपाळ पुसत होते. आणि चुडामण डोक्यामागे नव्हता. कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून हत्यारं धूत होता. त्याचे कान मिरचीसारखे लाल होते.

दाढ वाटीत पडली होती, तिच्याकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं.

घेतलं, कौसाला वाटलं. मी नाव घेतलं.

विचारायची सोय नव्हती. तोंडात बोळा. दाक्तर म्हणाले होते, दोन दिवस बोलायचं नाही, नाहीतर रक्त सुटेल. तिनं आबांकडे पाहिलं. आबा वळले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, लगेच काढला, आणि एवढंच म्हणाले, "चाला."

चुडामणनं मागे वळून पाहिलं नाही.

गाडी गावाबाहेर आली. आबा नेहमी जुवाजवळ बसत, आज ते उतरून बैलांबरोबर पायी चालत होते, पुढे, एकटेच. कौसानं फुईचा हात धरला आणि डोळ्यांनीच विचारलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तशी फुई विरघळली. आवाज बारीक करून तिनं सगळं सांगितलं. ते असं झालं होतं.

कौसा गप्प राहिली तेव्हा दाक्तरांनी चुडामणकडे बोट केलं होतं. "तुझ्या डोक्यामागे कोण हाय? त्याचा नाव सांग."

"नही सांगनार," कौसा म्हणाली. चांगलं ठणकावून.

"का नाय सांगणार?"

"त्यासनं नाव कसं लेऊ मी?" आणि तिचा हात डोक्याकडे गेला. पदर शोधत होता. टेबलावर निजलेली, अर्धी भुलीत गेलेली ती पोर पदर डोक्यावर घ्यायला बघत होती.

फुईचे हात तिच्या पायांवर तसेच राहिले. आबा भिंतीसारखे उभे. खानदेशातल्या माणसाला याहून अधिक काय सांगावं लागतं? बाई कोणाचं नाव घेत नाही, ते लहान मूलही सांगेल. नाव घेतलं असतं तर एक वेळ आबांनी मनावर घेतलं नसतं. दवाखान्यात येते, कंपौंडरचं नाव माहीत असणारच. पण घेतलं नाही, आणि तिथंच सगळं उघडं पडलं.

दाक्तरांना मात्र यातलं काही कळलं नाही. त्यांच्या घरी तर सज्ज्यातून हाका चालत. ते म्हणाले, "नाय सांगणार म्हणते, विचार करून बोलते. म्हणजे जागीच हाय. टाक अजून."

चुडामणनं थेंब टाकला नाही.

"टाक म्हणतो ना!"

"नही, साहेब. तिनी नाडी खाले जाई ऱ्हायनी. ती झोपेल शे."

"झोपलेली बाई असा जवाब देते?"

चुडामणनं आबांकडे पाहिलं. एकदाच. गप्प बसला असता तर कदाचित निभावलंही असतं. भुलीतली बडबड म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं असतं, नोकरी राहिली असती, अब्रू राहिली असती. पण हातातल्या शिशीत थेंब होते आणि बोटांखाली तिची नाडी होती.

"साहेब," तो म्हणाला, "ती जागी ऱ्हाती, तं मरी जाती पन हाई बोलती नही. आठे तिना बाप उभा शे. तिन्ही मन्हं नाव लिधं नही... म्हनीसनच मी सांगस, ती जागी नही शे." आणि त्यानं शिशीला बूच लावलं, सगळ्यांच्या देखत.

दाक्तरांनी चमकून तिची पापणी उचलली. मनगट धरलं. त्यांचा चेहरा उतरला. "बस, बस! जाळी काड. पक्कड दे." दोन पिळांत दाढ बाहेर आली. मग ते आबांकडे वळून म्हणाले, "उखाजी, अजून दहा-बारा थेंब गेले असते तर..."

"आनि आबा?" कौसाच्या डोळ्यांनी विचारलं.

"तुन्हा बाप?" फुईनं पुढे चालणाऱ्या भावाकडे पाहिलं. "तवयपाईन बोलनाच नही, माय. तो बडबड करस तवय मले भेव नही लागत. गप ऱ्हायना, का लागस."

दोन दिवस घर मुकं झालं. कौसाला बोलायची बंदी होती आणि आबांना कोणी बंदी घातली नव्हती, तरी ते बोलत नव्हते. जेवायला बसायचे, उठायचे, शेतात जायचे. शनिवार आला. सोमवार दारात उभा. फुईनं पाहुण्यांसाठी गहू निवडायला घेतले, आणि प्रत्येक खडा सुपाबाहेर पडताना कौसाच्या काळजात खट्ट वाजायचं.

शनिवारी सकाळी तिनं शेवटचा बोळा काढला, मिठाच्या पाण्यानं चूळ भरली. आबा अंगणात बाजेवर बसले होते. जणू त्या चुळेचीच वाट बघत होते.

"कौसा, आठे ये. बठ."

ती बसली. गहू निवडणारे फुईचे हात थांबले.

"सोमवारले प्रकाशावाला ई ऱ्हायनात," आबा म्हणाले. "भूलमा मानूस काहीबी बोलस. खात्या बी बोलना व्हता. ते मी धरत नही. आते तू जागी शे, तोंड बी मोकळं शे. तो कंपौंडर... त्यानं नाव काय शे? मले सांग. नाव लिधं, तं मी समजसू ते भूलनं बोलनं व्हतं. पाव्हना येतीन, मी कधी त्या गोटना उल्लेख बी करनार नही."

"आनि नही लिधं, तं..." फुई मधेच बोलू गेली. आबांनी हात वर केला.

"नाव सांग, कौसा."

एवढंसं तर नाव. पथारीवर, पाऊस पडत असताना, किती सहज आलं होतं! आता घेतलं की आबांची मान ताठ राहणार होती. आबांनी दोन वर्षं तिला फुलासारखं जपलं होतं, आणि ते काही मोठं मागत नव्हते. तिनं तोंड उघडलं. जीभ दाढेच्या रिकाम्या जागी गेली, तिथंच थांबली.

"सांग."

आबा, मागायचं तर दुसरं काहीही मागा, तिला म्हणायचं होतं. तेही तिला म्हणता येईना.

"तिसरांदाव इचारस, कौसा. त्यानं नाव काय शे?"

या वेळी तिचा हात शुद्धीत, पूर्ण शुद्धीत वर गेला. तिनं पदर डोक्यावर ओढला, मान खाली घातली आणि तोंड मिटून घेतलं. मनात ठरवून टाकलं, आता आबा मारू देत, नाहीतर विहिरीत टाकू देत.

गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजली.

"तुन्ही मायनी बी मन्हं नाव कधी लिधं नही," आबा म्हणाले. आवाज त्यांचा वाटेना. "शेवटला दिन बी नही. ताप चढेल व्हता, तो वैदू काढा पाजत गया, पाजत गया... मले दिसे, तिना डोळा फिरी ऱ्हायनात. पन 'बस' म्हनानी मन्ही हिंमत व्हयनी नही. वैदू मोठा, मी काय सांगू? परवा दिन बी मी तसाच उभा व्हतू. हात बांधीसन." त्यांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. "तो पोऱ्या 'नही' म्हनना. मन्हाकडे दखीसन म्हनना."

ते उठले. पायात वहाणा सरकवल्या.

"कोठे चालना?" फुईनं विचारलं.

"नंदुरबारले," आबा म्हणाले आणि गाडी न जुंपता पायीच निघाले.

दिवस कसा गेला ते कौसालाच ठाऊक. तिनं दोनदा अंगण झाडलं, एकदा झाडलेलंच पुन्हा झाडलं. आबा तिथं जाऊन काय बोलतील? त्याला बरंवाईट म्हणाले तर? तोच नोकरी सोडून शहाद्याला निघून गेला असला तर? ऊन कलायला लागलं तेव्हा बांधावर फेटा दिसला.

आबांनी येऊन वहाणा काढल्या, पाणी प्यायले, आणि कोपरीच्या खिशातून एक शिशी काढून तिच्या हातात दिली. गुलाबी औषध. बाजूला कागदाची पट्टी, खळ अजून ओली.

कौसानं पट्टी पाहिली. तिच्यावर एकच खूण होती.

"एकच डोस?" ती पुटपुटली.

"मीबी तेच इचारं," आबा फेटा उतरवता उतरवता म्हणाले. "इतलाशा डोसनं काय व्हई? तं तो म्हने, जास्तीनं काम नही. सोमवारले सोताच ई ऱ्हायना, मायबापले लिसन." मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता, "प्रकाशाले मी सांगावा धाडी दिधा. दाक्तर बी म्हने, पोऱ्या सोनानं नानं शे. जमीन नही, तं नही. आपली दोन बिघा नदीकाठनी पडेलच शे."

कौसाला काही सुचेना. तिनं शिशी छातीशी धरली.

"पन आबा... दाढ तं गई. मंग हाई औषध कसानं?"

"मले काय माहीत? त्याले देनं व्हतं, मी लई उनू."

सुपामागून फुई खुसखुसली. "काय व कौसा, मी इसरी गयी. सोमवारले कोन ई ऱ्हायनं म्हने?"

कौसा हसली. कित्येक दिवसांनी दोन्ही गालांनी हसली, शिशी घेऊन घरात पळाली, आणि नाव काही तिनं घेतलं नाही.